रंगनाथ काकांचा थरथरता पाय

गेल्या दसऱ्यानंतर हिरावाडीतल्या एका तीन विंगांच्या सोसायटीत बातमी उठली, की शाळेच्या व्हॅनवाल्या रंगनाथ काकांचा उजवा पाय थरथरतो. ए विंगमधून निघाली तेव्हा बातमीत नुसता पायच थरथरत होता. बी विंगला पोचेपर्यंत काकांना कंपवात झाला. सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर तर असं ठरलं, की काका रोज सकाळी पायात इंजेक्शन टोचून घेतात आणि मगच गिअर टाकतात. त्या मजल्यावरच्या एका आजींनी इंजेक्शनाचा रंगही सांगितला. हिरवट.

खरी गोष्ट अशी, की पाय थरथरत नव्हता. पायाखालचं पेडल थरथरत होतं. आणि मौज म्हणजे हे सोसायटीला माहीत नव्हतं ते नव्हतंच, खुद्द रंगनाथ काकांनाही माहीत नव्हतं.

काका मूळचे हरसूलकडच्या एका पाड्यावरचे. विशीत नाशकाला आले ते भाजीच्या टेम्पोवर, आणि नंतर एक जुनी व्हॅन घेऊन सतरा वर्षं त्यांनी पोरं शाळेत पोचवली. कुणाला कुठल्या वळणावर मळमळतं, कुणाचा डबा कायम सांडतो, कोण गृहपाठ व्हॅनमध्येच उरकतं, हे त्यांना आयांपेक्षा जास्त पाठ. बोलायची रीत ठरलेली. आधी एक खाकरणं, मग "हे असं हाय बघ", मग एक लांबलचक दम, आणि मुद्दा पुढचा सिग्नल गेल्यावर. पहिल्या सिग्नलला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शाळेच्या फाटकात मिळायचं. तोवर विचारणारा प्रश्न विसरलेला असायचा, काका विसरलेले नसायचे.

ब्रेक मारायला त्यांना टेम्पोवरच्या उस्तादानं शिकवलं होतं. उस्ताद म्हणाला, गाय पिळतोस ना, तसं कर. दाब, सोड, दाब, सोड. एकदम आवळलंस तर गायही लाथ मारते आणि गाडीही. चाकं जाम होतात, गाडी घसरते, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, ती रुसलेल्या बैलासारखी नाकासमोरच जाते. पस्तीस वर्षं काकांनी ब्रेक असा पिळला. तरी जुन्या व्हॅनची चाकं अधूनमधून जाम व्हायचीच, आणि मग तिचा तो प्रसिद्ध आवाज निघायचा. कीऽऽऽर्र. चौकातली कुत्रीसुद्धा तो ओळखायची. मागच्या बाकावर बसणाऱ्या, म्हणजे हे लिहिणाऱ्या मुलीनं पाचवीत असताना तो आवाज इतका हुबेहूब बसवला होता, की एकदा पेठ नाक्यावर तिनं तो काढल्यावर एक रिक्षावाला स्वतःच्याच रिक्षातून उतरून फुटपाथवर जाऊन उभा राहिला.

पाडव्याला जुनी गेली आणि नवी पांढरी व्हॅन आली. शोरूममधल्या मुलानं बारा गोष्टी समजावून सांगितल्या, काकांच्या लक्षात काच खाली करायचं बटण राहिलं. चावी फिरवली की समोर एबीएस असा पिवळा दिवा लागायचा आणि लगेच विझायचा. विझतोय म्हणजे बरंच असणार, असं म्हणून काकांनी तो विषय संपवला. पुढे सहा महिने ते इतक्या सावकाश चालवत राहिले, की जोरात ब्रेक मारायची वेळच आली नाही.

ती आली दसऱ्याच्या आदल्या दुपारी. दिंडोरी रोडच्या दोन्ही कडांना झेंडूचे ढीग लागले होते. गिऱ्हाइकं, गाड्या, गायी सगळ्यांनी मिळून फुलं तुडवून तुडवून डांबरावर नारिंगी लगदा केला होता, साबण फिरवल्यासारखा. व्हॅनमध्ये अकरा पोरं. एका उभ्या टेम्पोमागून डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई सरळ रस्त्यात उतरली.

काकांनी पाय दाबला. खालून कर्रर्र असा आवाज आला, मिक्सरमध्ये खडा गेल्यासारखा, आणि पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत धडधडला. काकांना वाटलं, गेला पाय. त्यांनी तो चटकन उचलला. मग पस्तीस वर्षांची सवय धावून आली. दाब, सोड, दाब, सोड. दर सोडीला व्हॅन लगद्यावरून आणखी थोडी पुढे. शेवटी ती थांबली तेव्हा पाटी बंपरखाली होती आणि पाटीवाली मागे सरून स्वतःच्याच झेंडूच्या ढिगावर बसली होती. तिला खरचटलंही नव्हतं.

पाटीवाली म्हणजे मखमलाबादच्या कुसाबाई. स्वतःच्या मळ्यातली फुलं स्वतः विकायला बसतात. घाबरणं, ओरडणं हे त्यांच्या स्वभावात नाही. त्या ढिगावर बसल्या बसल्याच म्हणाल्या, "मी काय म्हणते ड्रायव्हर भाऊ, यायचं तर वाजत यावं. तुझी ती म्हातारी गाडी चौकापासून बोंबलत यायची, आम्ही आपले सरकायचो. ही कोण आणली मांजरीवानी?"

पोरांनी उतरून फुलं गोळा केली. काका मात्र उतरले नाहीत. स्टिअरिंग धरून उजव्या पायाकडे बघत राहिले, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा पाय चुकून त्यांच्या व्हॅनमध्ये येऊन बसला होता.

काकांचे वडील, फकिरा बापू, यांना शेवटची पाच वर्षं चहा बशीतून पिता आला नव्हता. हात इतके थरथरायचे, की बशी दातांवर वाजायची. ते वाजणं काकांच्या कानात कायमचं बसलेलं. घरी आल्यावर त्यांनी पलंगावर आडवं होऊन उजव्या पायाच्या बोटांवर पाण्याची वाटी ठेवली. शंभर मोजेपर्यंत थेंब सांडला नाही. मग खात्रीसाठी डाव्या पायावर ठेवली, ती गादीवर सांडली. म्हणजे आता डाव्याचीही चिंता.

हे सगळं त्यांच्या पत्नी भागुबाई दारातून बघत होत्या. काकांनी त्यांना खरं ते सांगितलं आणि कुणाला बोलू नको म्हणून बजावलं. भागुबाईंनी शपथ घेतली आणि ती पाळलीही, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत जाईपर्यंत. तिथे शेजारच्या राखीनं विचारलं, चेहरा का उतरलाय. आता चालू गिरणीत गुपित सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागतं, त्याला इलाज नाही. भागुबाईंनी राखीच्या कानाशी तोंड नेलं आणि छाती भरून ओरडल्या, "यांचा पाय थरथरतो." नेमकी त्याच क्षणी वीज गेली. गिरणी थांबली. रांगेतल्या सहाही बायकांनी ते वाक्य एखाद्या व्याख्यानासारखं स्वच्छ ऐकलं.

पुढचं काम मोबाइलनं केलं. पालकांचा ग्रुप चालवायच्या मंजुषाताई, ए विंग, मुलगा दुसरीत. बाई वाईट नाही, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर ना?" म्हणते, आणि समोरच्याला होय म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. बुधवारी त्या पार्किंगमध्ये आल्या आणि काकांना म्हणाल्या, की मुलांचा प्रश्न आहे, रविवारी सगळे पालक बसून ठरवणार आहेत, दुसरी व्हॅन बघून ठेवली आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, बरोबर ना?

काका म्हणाले, बरोबर. आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं, दुखणं तेच होतं. ज्याचा पाय थरथरतो त्याच्या व्हॅनमध्ये स्वतःचं पोर त्यांनीही बसवलं नसतं. त्यांनी मनाशी ठरवलं, की रविवारी कुणी मागायच्या आत किल्ली आपणच टेबलावर ठेवायची.

तरी शुक्रवारी पोरं सोडल्यावर ते जीवनच्या गॅरेजकडे वळले. ब्रेक तपास म्हणाले. मनातून त्यांना गाडीच बिघडलेली हवी होती. जीवन तोंडात स्क्रूड्रायव्हर धरूनच बोलतो, त्यामुळे त्याची निम्मी अक्षरं गिळली जातात आणि उरलेली शिट्टीसारखी येतात. त्यानं काकांना बाजूला बसवलं, व्हॅन गॅरेजमागच्या ओल्या गल्लीत नेली आणि एकदम ब्रेकवर उभा राहिला. कर्रर्र. व्हॅन सरळ उभी.

काकांनी आधी पेडलकडे पाहिलं, मग जीवनच्या पायाकडे, मग जीवनकडे.

"तुझा बी पाय थरथरला?"

जीवननं स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढला, म्हणजे विषय गंभीर होता. "काका, तो थरथरायलाच पाहिजे. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा लागतो ना, एबीएस, त्याचंच हे काम. चाक जाम व्हायला लागलं की ही गाडी स्वतःच ब्रेक सोडते, परत धरते. एका सेकंदात कितीतरी वेळा. तुम्ही पायानं जे करायचा ते ही करते, फक्त तुमच्या कितीतरी पट वेगानं. तुम्ही नेहमी सांगता ना, गाय पिळायची, तर ही गाय स्वतःच पिळून घेते. तुम्ही पाय रोवायचा, उचलायचा नाही, आणि मोकळं दिसेल तिकडे वळायचं. वळते ती, हीच तर गंमत."

काका उतरले. एका जुन्या टायरवर बसले. बराच वेळ खाकरले, "हे असं हाय बघ" म्हणाले, आणि मुद्दा यायला इतका उशीर झाला की जीवन पाणी आणायला गेला. तो परत आला तेव्हा काका एका डोळ्यानं हसत होते आणि दुसरा पुसत होते. म्हणाले, "म्हंजी बापू नाय आला माझ्या पायात."

पण नुसतं कळून भागणार नव्हतं. जीवननं त्यांना चालवायला बसवलं. पेडल धडधडलं की काकांचा पाय आपोआप वर. पाच वेळा केलं, पाचही वेळा वर. पस्तीस वर्षांचं पिळणं एका दिवसात कसं जाणार? आणि जीवननं जाता जाता धाकही घातला. ही जादू नाही, म्हणाला. मुरुमावर, वाळूवर ही जुनीपेक्षा लांबच जाऊन थांबेल. आणि साठच्या स्पीडनं आलात तर कुठलीच गाय तुमचं ऐकणार नाही.

रविवारी मीटिंग हॉलमध्ये होणार होती. काकांनी ती सोसायटीमागच्या बंद रस्त्यावर बोलावली. जीवननं पाइप लावून डांबर भिजवलं. पोरांनी तिन्ही विंगांतल्या दारांवरची सुकलेली तोरणं ओढून आणली आणि पाण्यात तुडवून लगदा केला, त्या कामाला कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही. रस्त्याच्या मधोमध टोमॅटोचे तीन रिकामे क्रेट एकावर एक रचले, वरून भागुबाईंचं जुनं हिरवं लुगडं गुंडाळलं, डोक्यावर पाटी ठेवली. पोरांनी त्याला कुसाबाई म्हणायला सुरुवात केली आणि तेवढ्यात खऱ्या कुसाबाई आल्या. काकांनीच निरोप धाडला होता. जिच्या अंगावर गाडी आली तिला बाजूला ठेवून निकाल कसला, असं त्यांचं म्हणणं. कुसाबाईंनी स्वतःच्या मूर्तीला एक प्रदक्षिणा घातली आणि मी एवढी जाड नाय, असं जाहीर करून पायरीवर बसल्या.

मंजुषाताई काकांच्या शेजारच्या सीटवर. नजर रस्त्यावर नाही, पायावर. काका तीसच्या स्पीडनं आले, ब्रेक दाबला, कर्रर्र, आणि पाय वर. दाब, सोड. व्हॅन लगद्यावरून शांतपणे गेली आणि क्रेटच्या कुसाबाई आडव्या झाल्या.

पाटी गडगडत जाऊन खऱ्या कुसाबाईंच्या पायाशी थांबली. काकांचा हात किल्लीकडे गेला. ती काढून मंजुषाताईंच्या हातात द्यायची, एवढंच उरलं होतं.

पायरीवरून कुसाबाई म्हणाल्या, "मला अजून एकदा उभं करा. मी काय लगेच मरत नाय."

क्रेट पुन्हा रचले. या वेळी काकांनी चप्पल काढली आणि अनवाणी पायानं पेडल चाचपलं. व्हॅन पुन्हा तीसनं आली. कर्रर्र. पेडल धडधडलं, काकांचा गुडघा हलला, जबडा आवळला, पण पाय खालीच. धडधडत्या पेडलवर पाय रोवून त्यांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं, आणि आश्चर्य म्हणजे गाडीनं ते ऐकलं. व्हॅन लुगड्याच्या पदराला वारा घालून बाजूनं गेली आणि उभी राहिली. क्रेट जागच्या जागी.

पोरांनी गलका केला, पण मंजुषाताईंचं समाधान नव्हतं. त्या म्हणाल्या, थांबलात हे खरं, पण पाय थरथरताना मी स्वतः पाहिला. बरोबर ना?

काकांनी वाद घातला नाही. उतरले, दार उघडून धरलं आणि मंजुषाताईंना चालवायला बसायची विनंती केली. ताईंना कार येते. त्या ऐटीत आल्या, ऐटीत ब्रेक दाबला, आणि पायाखाली कर्रर्र होताच "अगंबाई" म्हणून दोन्ही पाय उचलून मोकळ्या झाल्या. क्रेटच्या कुसाबाई त्या दिवशी दुसऱ्यांदा आडव्या झाल्या. ताईंनी वाकून आधी पेडल पाहिलं, मग स्वतःचा पाय. संध्याकाळपर्यंत सी विंगमध्ये बातमी पोचली, की पाय मंजुषाताईंचाही थरथरतो आणि त्यांच्या इंजेक्शनाचा रंग पिवळा आहे.

आता सगळं मिटलं असं वाटत असताना कुसाबाईंनी जुनंच काढलं. गाडी थांबते, वळते, सगळं मान्य, पण वाजत नाय त्याचं काय? त्यावर हे लिहिणारी मध्ये पडली. तिचं म्हणणं, कान तयार हवा, बाकी कुठलीही गाडी ऐकू येते. काकांनी ब्रेक कधी मारला ते आपण डोळे मिटून सांगू. काकांनी विचारलं, पैज? पैज. कुंपणाच्या आत, रस्त्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभं राहायचं आणि ब्रेक लागताक्षणी हात वर करायचा. ती जिंकली तर वर्षभर पुढची सीट तिची. काका जिंकले तर महिनाभर व्हॅनमध्ये तोंडानं कुणाचीही नक्कल नाही. काकांची नाही, मंजुषाताईंची नाही, जुन्या व्हॅनचीही नाही.

ती उभी राहिली. लांबून इंजिन ऐकू आलं. जवळ आलं. ओल्या डांबरावर टायरांची चपचप ऐकू आली. ती त्या कीऽऽऽर्रची वाट बघत होती, जो तिला झोपेतही काढता येतो. कुठंतरी बारीकसं कर्र झालं, पण ते तिला जीवनच्या पाइपचं वाटलं. ती वाट बघत राहिली. मग कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला.

"झोपली का पोरी?" काका विचारत होते. व्हॅन थांबून, इंजिन बंद होऊन, काका उतरून, कुंपणाला वळसा घालून तिच्यापर्यंत येऊन पोचले होते. तिचा हात अजून खालीच होता.

पोरं हसली. काका मात्र हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले, मग कुसाबाईंकडे. खाकरले. "हे असं हाय बघ," म्हणाले, आणि या वेळी मुद्दा ताबडतोब आला. "ही कान टवकारून उभी हाय, हिला नाय कळलं. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला कसं कळंल? आमची जुनी बोंबलायची म्हणून माणसं वाचायची. आता बोंबलणारं कुणी नाय, तर मलाच आधी बघाया पायजे." आणि तिथल्या तिथे त्यांनी सांगून टाकलं, की यापुढे फुलवाल्यांच्या पट्ट्यात व्हॅन माणसाच्या चालीनं जाईल, दोनदा हलका हॉर्न देऊन. त्यामुळे पोरांना रोज दहा मिनिटं आधी खाली यावं लागेल. पटत नसेल त्यांनी दुसरी व्हॅन बघावी, आपण वाईट वाटून घेणार नाही.

सगळ्यांनी मंजुषाताईंकडे पाहिलं. ताई पदराला लागलेला झेंडू झटकत होत्या.

"मग उद्यापासून मी याला दहा मिनिटं आधी आणते खाली," त्या मुलाचा हात धरत म्हणाल्या. "बरोबर ना?"

काकांनी किल्ली खिशात टाकली.

पैजेचा महिना मात्र सुटला नाही. सोमवारपासून मागच्या बाकावर इतकी शांतता, की काकांनी आरशातून दोनदा पाहिलं, पोर व्हॅनमध्ये आहे की घरी राहिली. मंजुषाताई दारापर्यंत येऊन "बरोबर ना?" म्हणून जायच्या आणि हे लिहिणारीला ओठ दातांत धरून बसावं लागायचं. अठराव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की बंदी तोंडाची आहे, वहीची नाही. म्हणून हे लिहिलं. लिहून झाल्यावर पेठ नाक्याच्या सिग्नलला काकांना तसं सांगितलं, आणि हे पैजेत बसतं का विचारलं. काका खाकरले, "हे असं हाय बघ" म्हणाले आणि दम घेतला. शाळेच्या फाटकात निकाल आला. महिना आजपासून पुन्हा सुरू.